इंग्रजीच्या वर्गातील आशिया

ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मूल चौदा वर्षांचे होते, तोवर त्याच्या तोंडी तीन भाषा रुळलेल्या असतात. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी केली. तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या छावणीबरोबर आलेली मराठी दोनशे वर्षे तेथे नांदत आहे. पहिल्या दोन भाषांनी मुलाला घर मिळते, देश मिळतो. तिसरीने काय मिळावे? परीक्षेत गुण, पुढे नोकरी आणि विलायत-अमेरिकेची थोडी ओळख, असे ह्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे.

ह्या उत्तरात एक उणीव राहते. जपानी, चिनी, फारसी ह्या भाषा त्या मुलाला येत नाहीत आणि बहुधा पुढेही येणार नाहीत. टोकियोतील शाळा किंवा तेहरानमधील गल्ली त्याला भेटायची ती इंग्रजी पुस्तकातून, नाही तर चित्राखाली इंग्रजी ओळी उमटणाऱ्या चित्रपटातून. इंग्रजी ही लंडनची वाट खरीच. परंतु ग्वाल्हेरच्या मुलापुरती ती शेजाऱ्याच्या अंगणाचीही वाट आहे. म्हणून तेरा ते सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी आशियाविषयीची पुस्तके आणि चित्रपट निवडणे, हे इंग्रजीच्या शिक्षकाचे हौसेचे काम राहत नाही. ती त्याची जबाबदारी ठरते.

निवडीचा आरंभ दूरच्या देशापासून करू नये. फूलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणीला वीरमरण आले, हे शहरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सोहराब मोदी यांनी १९५३ साली राणीवर टेक्निकलर रंगांत भव्य चित्रपट काढला आणि त्याची इंग्रजी आवृत्ती 'द टायगर अँड द फ्लेम' ह्या नावाने परदेशी दाखविली. त्याच्या शेजारी ठेवावे असे पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळील वरसईचा हा भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून चार पैशांच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याचा वृत्तांत १९०७ साली मराठीत प्रसिद्ध झाला. पुढे प्रिया अडारकर आणि शांता गोखले यांनी तो इंग्रजीत आणला.

ही दोन्ही वर्गात आली की विद्यार्थ्यांपुढे आपोआप प्रश्न उभे राहतात. ह्या सांगणाऱ्याने काय स्वतः पाहिले? काय ऐकले? तो कोणाला सांगतो आहे आणि कशासाठी? चित्रपटात राणीचे शौर्य दिसते. भटजींच्या लेखणीतून तिची दिनचर्या दिसते आणि शहर पडल्यावर जीव मुठीत धरून लपलेला सामान्य माणूसही दिसतो. दोन्हींची पारख करायला विद्यार्थ्यांजवळ समाधी आहे, किल्ला आहे, घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा आहेत. ज्याची शहानिशा करता येते अशा गोष्टीवर परीक्षा घ्यायला शिकलेला विद्यार्थी, ज्याची शहानिशा सहज करता येत नाही त्या दूरच्या गोष्टीलाही तेच प्रश्न विचारू लागतो.

मग सीमेपलीकडे जावे. इंग्रजी ग्रंथसंग्रहात आशियाच्या कप्प्यात पहिल्याने हाती लागतात ती बहुधा बाहेरच्यांनी लिहिलेली पुस्तके. किपलिंगचे 'किम' १९०१ चे. पर्ल बक यांचे 'द गुड अर्थ' १९३१ चे. ही पुस्तके टाकाऊ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. किपलिंगचा जन्म मुंबईचा. त्याच्या कादंबरीतील रस्ते, सराया आणि आगगाडीचे डबे जिवंत आहेत. मात्र त्या रस्त्यांवर इंग्रजांचे राज्य कायमचेच आहे, हे तो गृहीत धरून चालतो. पर्ल बक मिशनरी आईबापांबरोबर चीनमध्ये वाढल्या. चिनी भाषा त्या लहानपणापासून बोलत. चिनी शेतकऱ्याचे मातीशी असलेले नाते त्यांनी ज्या आस्थेने लिहिले, त्या आस्थेला खोटे म्हणता येणार नाही. पण त्याच कादंबरीवर हॉलिवुडने १९३७ साली चित्रपट काढला, तेव्हा वांग लुंग आणि त्याची पत्नी ओ-लान ह्या दोन्ही प्रमुख भूमिका गोऱ्या नटांना दिल्या. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री तेथेच काम करीत होती. तिला ओ-लानची भूमिका मिळाली नाही. ती लुइझे रायनर यांनी केली आणि त्यांना त्याबद्दल ऑस्कर पारितोषिकही लाभले.

ही हकीकत ऐकून वर्गात हॉलिवुडविषयी राग उत्पन्न होतो. तो राग तेथेच थांबू देणे हे शिक्षणाच्या दृष्टीने घातक आहे. त्याच तासाला, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, शिक्षकाने डॉक्टर कोटणीस यांचे नाव काढावे.

द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यांत ते होते. नागपूरचे डॉक्टर चोळकर हेही होते. बाकीचे परतले. कोटणीस तेथेच राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ साली क्वो छिंगलान ह्या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. मुलाचे नाव त्यांनी यिनह्वा ठेवले होते. त्यात 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ह्या जीवनावर इंग्रजीत छोटे पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणिसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका कोणी केली? जयश्री यांनी.

म्हणजे हॉलिवुडने जे केले, तेच नऊ वर्षांनी मुंबईनेही केले. हेतू उदात्त होता. चीनविषयी चित्रपटात आदर ओतप्रोत आहे. तरीही पडद्यावर चिनी स्त्री बोलते ती आपल्या कल्पनेतील. हे कबूल करायला थोडे जड जाते आणि म्हणूनच ते वर्गात व्हायला हवे. दुसऱ्याचे डोळे परके असतात एवढे शिकलेला विद्यार्थी अर्धाच शिकला. आपलेही डोळे कुणाला परके वाटतात हे ज्याला उमगले, त्याचा धडा पुरा झाला. सुदैवाने ह्या कथेची तिसरी बाजूही इंग्रजीत आहे. क्वो छिंगलान यांनी पुढे आपल्या सहजीवनाच्या आठवणी सांगितल्या आणि त्या 'माय लाइफ विथ कोटनीस' ह्या नावाने प्रसिद्ध झाल्या. चित्रपटातील एक प्रसंग आणि त्या आठवणींतील दोन पाने शेजारी शेजारी ठेवावीत. पडद्यावरची मूर्ती आणि प्रत्यक्ष स्त्री ह्यांतील अंतर विद्यार्थी स्वतःच मोजतील.

कथा हृदयस्पर्शी असली की तपशील तपासण्याची बुद्धी मंदावते, हा निवड करणाराचा दुसरा धोका. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट इंग्रजीच्या वर्गांत जगभर वाचली जाते. अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ साली, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. कॅनडात जन्मलेल्या एलिनॉर कोएर यांनी १९७७ साली तिच्यावर सोप्या इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात सादाको हजार कागदी करकोचे करायला घेते, ६४४ वर थांबते आणि उरलेले तिच्या वर्गातील मुले पुरे करतात. हिरोशिमाच्या शांतता-स्मारक संग्रहालयाची नोंद निराळी आहे : सादाकोने हजारांचा आकडा स्वतःच ओलांडला होता आणि तरीही ती घड्या घालीतच राहिली. ही दुसरी हकीकत पुस्तकातील हकीकतीहून अधिक चटका लावणारी आहे. हजार झाले, इच्छा पुरी झाली नाही, तरी मुलीने हात थांबविले नाहीत. पुस्तक जरूर वाचावे. परंतु शेवटचे पान मिटल्यावर ही नोंदही वर्गाला सांगावी. त्याच हिरोशिमात सहा वर्षांच्या वयात तो दिवस पाहिलेल्या केजी नाकाझावा यांची 'बेअरफूट गेन' ही चित्रकथा इंग्रजीत मिळते. तिच्यातील चित्रे भयंकर आहेत. ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाच द्यावी आणि तीही शिक्षकाने आधी स्वतः वाचून.

जपानची ओळख केवळ बाँबने होणे हेही बरे नव्हे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ साली जपानीत आले आणि पुढच्याच वर्षी डोरोथी ब्रिटन यांनी ते इंग्रजीत आणले. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए ही शाळा आणि मुलांचे बोलणे तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी लेखिकेने बालपणी प्रत्यक्ष अनुभवले होते. प्रकरणे दोन-तीन पानांची, वाक्ये लहान. जेमतेम इंग्रजी येणाऱ्या मुलालाही धीर यावा अशी. मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले आहे, तेव्हा घरी आजीने मराठी वाचावे आणि नातीने इंग्रजी, असाही बेत जमतो. २०२३ साली जपानमध्ये ह्याच पुस्तकावर चलच्चित्रांचा चित्रपट निघाला; पुस्तक संपल्यावर तो दाखवावा, आधी नव्हे. आधी पडदा पाहिला की मनातील चित्र उमटायचे राहून जाते.

ज्यांना पुस्तक जड जाते त्यांच्यासाठी चित्रपट हेच पुस्तक होऊ शकते. माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा १९९७ चा इराणी चित्रपट. अलीच्या हातून धाकट्या बहिणीचे बूट हरवतात. वडिलांजवळ पैसे नाहीत. म्हणून दोघे एकच जोड वापरतात. ती सकाळच्या पाळीच्या शाळेला घालून जाते, मग तो दुपारच्या पाळीला. शर्यतीत तिसऱ्या आलेल्याला बूट मिळणार असतात आणि अली नेमका पहिला येतो! संवाद फारसी, खाली इंग्रजी ओळी. त्या लहान असतात, लवकर सरतात, डोळ्यांना वेग येतो. वर्गातील वाचन म्हणून ह्याहून चांगला अभ्यास शोधावा लागेल. शिवाय दोन पाळ्यांची शाळा, भाड्याची खोली आणि मुलांनी आईबापांपासून लपवलेली चिंता ग्वाल्हेरच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. इराण म्हणजे वाळवंट आणि युद्ध एवढेच त्याने बातम्यांत पाहिलेले असते. दीड तासात त्याला तेथे एक बहीण आणि एक भाऊ भेटतो.

एका वर्षासाठी एवढे पुरे आहे. चार देश, चार पुस्तके, तीन-चार चित्रपट. प्रत्येकाबरोबर एकच लेखी काम : ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर काय बदलले असते? लांबलचक यादी करून कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा थोडके आणि दोनदा वाचलेले बरे.

ह्या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन दूर देशी नाही, ग्वाल्हेरच्याच रस्त्यावर आहे. सत्तावनच्या स्वातंत्र्यसंग्रामाच्या शताब्दीला, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तेथे शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली. देशाच्या सर्व भागांतील तरुण तेथे शिकायला येतात. ईशान्येकडील राज्यांतलेही येतात. अशा तरुणांना उत्तरेच्या अनेक शहरांत चेहऱ्यावरून चिनी म्हणून हाक मारली जाते, ही लाजिरवाणी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१४ साली दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा सरकारने बेझबरुआ समिती नेमली आणि ईशान्येची ओळख शालेय अभ्यासक्रमातून व्हावी, असे त्या समितीनेही सुचविले. अशी हाक मारणारा मुलगा दुहेरी अज्ञानी असतो. त्याला आपला देशबांधव ओळखता येत नाही; आणि 'चिनी' हा शब्द शिवीसारखा वापरताना, सोलापूरच्या एका डॉक्टराला अखेरच्या श्वासापर्यंत ज्यांनी आपला मानले त्या माणसांचीही त्याला ओळख नसते.

ज्या मुलाने तोत्तोचानबरोबर आगगाडीच्या डब्यातील शाळेत एक वर्ष काढले, अलीच्या बुटांसाठी श्वास रोखून धरला आणि क्वो छिंगलान यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकले, त्याच्या जिभेवर ती हाक सहजासहजी येणार नाही. इंग्रजीच्या पेपरात त्याला किती गुण पडले, हा हिशेब त्यानंतरचा.