मुलांचा विचार मुलांच्या हाती



या करवीर नगरीत शिक्षणाविषयी बोलू लागले की राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण प्रथम होते. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेच्या दारापर्यंत आणण्याचे काम असे कायद्याने आरंभिले. परंतु आत आलेल्या मुलाने आपल्या बुद्धीचा कारभार आपण पाहू लागावे, हे काम कायद्याने होणारे नव्हे. ते शिक्षकांचे आणि आईबापांचे आहे.

उदाहरण आपल्या गुऱ्हाळातलेच घेऊ. गूळ ५०० किलो. ३० किलोचा एक रवा. तर पूर्ण रवे किती? दोन आकडे दिसताच एखादे मूल गुणाकार करून मोकळे होते. उत्तर पंधरा हजार! गुणाकार बिनचूक आहे. चुकले ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. 'मला काय विचारले आहे?' हे मुलाने आधी स्वतःस पुसले नाही. आणि पाचशे किलो गुळाचे पंधरा हजार रवे होतील कसे, ही शंका त्याला नंतर आली नाही. अशा वेळी आपण काय करतो? 'अरे, भागाकार कर,' म्हणून सांगून टाकतो. सोळा रवे, वीस किलो शिल्लक, असे वहीत उतरते. पण विचार आपण केला, मुलाने नाही. पुढल्या गणिताला ते पुन्हा आपल्या तोंडाकडे पाहते.

स्वतःच्या विचारावरील या देखरेखीला जॉन फ्लॅव्हेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली 'मेटाकॉग्निशन' असे नाव दिले. ही देखरेख शिकविता येते. शिक्षकाने फळ्यापाशी आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा. अडखळला तर तेही लपवू नये. मग मुलास विचारावे : काय करणार आहेस? जमते आहे का? बरोबर आले हे कशावरून? धडा 'आला' म्हणणाऱ्याला पुस्तक मिटून सांगावयास लावावे. वाचलेले ओळखीचे वाटणे निराळे, येणे निराळे. आणि हळूहळू आपण प्रश्नही विचारणे सोडावे. पांगुळगाडा चालावयास शिकविण्यापुरताच असतो.

आमच्या या गावाला ही दृष्टी परकी नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली येथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलाचा अनुभव, त्याची कृती आणि त्याचा प्रश्न यांना त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले.

कोणी म्हणतील, वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम पुरा व्हायचा कसा? अडचण खरी आहे. पण न समजता पुरा झालेला अभ्यासक्रम पुढल्या इयत्तेत पुन्हा शिकवावाच लागतो. शिवाय, सुखवस्तू घरात अडले तर शिकवणी लावता येते. ज्याच्या घरात पहिलेच दप्तर आले आहे, त्याने कोणाला विचारावे? त्याला स्वतःलाच विचारता आले पाहिजे. शाहू महाराजांची सक्ती अशाच मुलांसाठी होती.

आणि ज्या माउलीला अक्षरओळख नाही, तिलाही चुलीपाशी बसून विचारता येईल : 'बाळ, आज काय कळले? काय कळले नाही? उद्या त्याचे काय करशील?' एवढे तीन प्रश्न रोज घरोघर विचारले जावेत, इतकीच आमची आपणांस विनंती आहे.