हलका ब्राउझर आणि गावाची रिकामी चौकट

भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला धान खरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा जोडावा लागतो आणि तो सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर पाहायचा तर विभाग, जिल्हा, तालुका, गाव असे टप्पे ओलांडावे लागतात. लाखांदूर तालुका निवडताच पुढच्या चौकटीत गावांची नावे भरली जातात ती जावास्क्रिप्टमुळे, म्हणजे पानासोबत येऊन वाचणाऱ्याच्याच यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीमुळे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला नमुना उभा केला, ती ही भाषा आरंभी पानाच्या मदतीला होती. आज कित्येक पाने तिच्यावाचून कोरीच राहतात.

हलके ब्राउझर या ओझ्यातून सुटका करू पाहतात. कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेला लिंक्स केवळ मजकूर दाखवतो, तर डिलो चित्रेही दाखवतो पण जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे जुन्या संगणकावरही तो चटकन उघडतो. मात्र त्यात तालुका निवडला तरी गावाची चौकट रिकामीच राहते, आणि बोल लावला जातो तो बिचाऱ्या ब्राउझरला.

२००५ मध्ये आलेल्या ऑपेरा मिनीने निराळी तोड काढली: पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचे, आटवायचे आणि मगच मोबाइलवर धाडायचे. देवनागरी टंक नसलेल्या साध्या मोबाइलवर तर त्यातील एका सोयीने अक्षरे चक्क चित्ररूपात येत, आणि मराठी बातमी वाचता येई. परंतु आज्ञावली तेथे क्षणभरच चालते, शिवाय मजकूर मध्यस्थाच्या हातून जात असल्याने बँकेच्या व्यवहारासाठी ही वाट बरी नव्हे.

वास्तविक गावांची यादी तयार करण्याचे काम सरकारी सर्व्हरलाही करता येते: तालुका निवडून बटण दाबावे आणि नवे पान यादीसह यावे. अशी यादी जडही नसते: संगणकाच्या प्रचलित युनिकोड लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन एकके, व्यापते. ‘लाखांदूर’ या नावात काना, अनुस्वार, उकार धरून आठ चिन्हे असल्याने त्याला चोवीस बाइट लागतात, आणि अशी हजार नावे चोवीस हजार बाइटांत मावतात, जे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या साध्या छायाचित्राहूनही कितीतरी कमी आहे.