जुन्या वाद्यांचा व्यवहार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या मालेत माझ्या आधी बोलून गेलेले वक्ते व्यासंगी होते. मी व्यापारी, आणि तोही जुन्या मालाचा. कार्यवाहांनी संगीतावर बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी त्यांना म्हटले की, तो अधिकार गाणाऱ्यांचा. आधी नोकरी सांभाळून आणि पुढे निवृत्तीनंतर मी जुन्या पेट्या व तंबोरे विकत घेतले, दुरुस्त केले आणि नफा घेऊन विकले. त्याविषयी मात्र मला थोडे सांगता येईल. त्यांनी ते मान्य केले, म्हणून मी आपणांपुढे उभा आहे.

कलकत्त्यास मी १९७८ साली आलो. रवींद्र सरणी, जिला जुनी माणसे अद्याप चितपूर रोड म्हणतात, तिच्यावर लालबाजारच्या बाजूस वाद्यांच्या दुकानांची रांग आहे. कचेरी सुटल्यावर मी तेथे रेंगाळत असे. एका वृद्ध बंगाली मिस्त्रींनी मला भात्याचे चामडे बदलण्यास आणि सूर साफ करण्यास शिकविले. पेटीच्या दृष्टीने हे शहर म्हणजे तिचे माहेरच. पॅरिसच्या देबँ यांनी १८४० च्या सुमारास पायपेटी घडविली. तिला मांडी घालून बसून एका हाताने भाता मारीत वाजविता येईल असे रूप देण्याचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. तथापि बंगाल्यांच्या घरांतून काय किंवा आपल्या भजनांतून आणि नाट्यगीतांतून काय, ती कधी उठली नाही. त्यामुळे जुन्या पेट्यांना येथे कधी तोटा नव्हता.

जुन्या वाद्याची किंमत कशी ठरते, असे मला पुष्कळ जण विचारतात. बाहेरचे पॉलिश पाहून फसू नये, हे पहिले. भाता भरून एकही पट्टी न दाबता कान द्यावा. वारा फुसफुसत निघून गेला तर कोठेतरी फट आहे. मग प्रत्येक पट्टी हलकेच दाबून पाहावी. चांगला सूर थोड्या वाऱ्यातही लगेच बोलतो. शेवटी पेटी उघडून पितळी सूर निरखावेत. टोकाशी खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो, आणि वर्षानुवर्षे दोन्हीकडे खरवडला गेलेला सूर अशक्त होऊन जातो. जुन्या काळी सूर फ्रान्स व जर्मनीतून येत. पुढे गुजरातेतील पालिताण्याचे सूर सर्वत्र चालू लागले. जुने विलायती सूर शाबूत असतील, तर लाकूड वाळवीने खाल्लेले असले तरी पेटी मोलाची असते.

तंबोऱ्याची परीक्षा वेगळी. भोपळ्याला तडा गेला आहे काय, दांडी वाकली आहे काय, हे पाहावे लागते. मिरजेचे तंबोरे नामांकित. त्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या दमट हवेत वाढलेले वाद्य दख्खनच्या कोरड्या हवेत नेले, तर तबली फाटण्याचा संभव असतो. शिवाय १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला आणि आता तो भ्रमणध्वनीतही येऊन बसला आहे. त्यामुळे जुना तंबोरा विकावयास काढणारे पुष्कळ, घेणारे थोडे.

आता नफ्याविषयी. नफा घेणे हे मी पाप मानीत नाही. पेटी आणण्याचे हमालीचे पैसे, चामडे, बनात, मिस्त्रींची मजुरी, पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करण्याची खटपट, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा-सहा महिने अडकून पडलेले भांडवल, हे सर्व कोणी भरून द्यावयाचे? अडगळीत पडलेले वाद्य पुन्हा कोणाच्या तरी हाती बोलू लागते, तेव्हा त्यात व्यापाऱ्याचाही वाटा असतो. एवढे मी अभिमानाने म्हणेन. परंतु पुढचे सांगताना अभिमान नाही.

२००९ साली आपल्याच मंडळातील एक वृद्ध भगिनी पतीच्या निधनानंतर मुलाकडे पुण्यास निघाल्या. त्यांचे नाव मी सांगणार नाही. मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्यांच्या यजमानांची पेटी माळ्यावर होती. मी ती खाली काढली, भाता भरला, दोन पट्ट्या दाबल्या. "किती द्यावयाचे?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "दोन-अडीच हजार आले तरी पुष्कळ." मी अडीच हजार मोजले आणि पेटी घेऊन आलो.

पेटीत जुने विलायती सूर होते. दुरुस्तीस तीन हजार लागले आणि ती अठरा हजारांस गेली. मी खूष होतो. पुढे पुण्याहून वहिनींचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की, मोडकी पेटी मी केवळ आपला माणूस म्हणून चढ्या भावाने घेतली, हे त्या विसरणार नाहीत. ते पत्र मी कपाटात ठेवले. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बाजारभाव सांगून वाद घातला असता. या आभारांना काय उत्तर देणार?

चार महिन्यांनी मी हिशेब मांडला. खर्च वजा जाता साडेबारा हजार उरत होते. माझ्या श्रमाचे साडेतीन हजार ठेवून नऊ हजारांचा धनादेश सर्व हकिकतीसह पाठविला. उलट टपाली पोच आली. तिच्याखाली एकच ओळ होती: "भावोजी, पेटी घेताना तुम्हांला हे ठाऊक होते का?"

मी लिहिले, "पुरते नव्हते. पण दोन पट्ट्या दाबताच शंका आली होती, आणि ती मी बोललो नाही." त्या पत्राला उत्तर आले नाही. नऊ हजार पोहोचले. विश्वास पोहोचला की नाही, हे मला कधी कळले नाही.

त्यानंतर मी स्वतःस काही नेम घालून घेतले. वाद्य मालकासमोरच उघडावयाचे आणि जे दिसेल ते त्यांना दाखवावयाचे. आहे त्या स्थितीतला भाव आणि दुरुस्तीनंतर येऊ शकणारा भाव, दोन्ही चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. अपेक्षेहून फार अधिक आले, तर अधिकातला अर्धा वाटा परत पाठवावयाचा. असे केल्याने माझा नफा घटला, हे खरे. पण लोक आपणहून बोलावू लागले, हेही खरे. आपल्या ज्ञानाचा मोबदला अवश्य घ्यावा. समोरच्याच्या अज्ञानाचा घेऊ नये, इतकेच मला या धंद्याने शिकविले.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी वडिलांची पेटी किंवा आईचा तंबोरा असेल. मुले बंगलोरला किंवा अमेरिकेत आहेत, नव्या सदनिकेत जागा नाही. अशा वेळी विकण्यात कमीपणा नाही. मात्र आधी एखाद्या वाजविणाऱ्याकडून पाहून घ्या आणि दोन ठिकाणी भाव विचारा. वाद्यावर हस्तिदंत असेल, तर तो विकावयाचा विचार करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठविण्यापूर्वीही १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा विचारून घ्यावा. आणि विकावयाचे नसेल, तर निदान माळ्यावर टाकू नका. आठवड्यातून एकदा भाता हलविला तरी चामडे मऊ राहते.

आपल्या गणेशोत्सवात आरतीला जी पेटी वाजते, तिची दुरुस्ती मी दरवर्षी करतो. तिचे पैसे मी घेत नाही. कार्यवाह त्याला औदार्य म्हणतात. तो जुन्या हिशेबातला हप्ता आहे, हे आज आपणांस कळले.