इंटरनेट कंपन्यांची वही आणि बाजारातली स्पर्धा
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतली कारकून मंडळी. राष्ट्रीयीकृत बँकेत कामावर रुजू होताना गोपनीयतेची प्रतिज्ञा करावी लागते; १९७० च्या कायद्यात तसे कलमच आहे. एकाच्या पासबुकातली नोंद दुसऱ्याला सांगायची नाही. म्हणून अमेरिकेत २०१७ साली जे घडले ते आम्हाला जरा जास्तच खटकते. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना तिथे आहेत, हेही आहेच.

तिथल्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम केला होता. ग्राहक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो, ही नोंद इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीने त्याच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरू नये, विकू नये. हा नियम पुरता अमलात येण्याआधीच काँग्रेसने रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २०५ मते पडली आणि ३ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली. रद्द करण्याची वाट अशी निवडली की, नवा कायदा झाल्याशिवाय आयोगाला तसाच नियम पुन्हा करता येऊ नये.

कंपन्यांचे म्हणणे होते, गूगल आणि फेसबुक हाच धंदा करतात, मग आमच्याच पायात बेडी का? आम्हालाही उतरू द्या, स्पर्धा वाढेल. ऐकायला रास्त वाटते. पण गूगल नको असेल तर दुसरे शोधयंत्र त्याच क्षणी, फुकट मिळते. जोडणी बदलायची तर दुसऱ्या कंपनीची तार त्या गल्लीत आधी यायला हवी! अमेरिकेत कित्येक घरांना वेगवान जोडणीसाठी एखाददुसराच पर्याय असतो. पुन्हा इथे ग्राहक दरमहा पैसे मोजतो, ते वेगळेच.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. व्हेरायझन या कंपनीने २०१५ मध्ये एओएल आणि २०१७ मध्ये याहू विकत घेतले. (२०२१ मध्ये दोन्ही विकून टाकले.) म्हणजे रस्ता ज्याचा, दुकानही त्याचेच, आणि समोरच्या दुकानात कोण किती वेळा गेले याची वहीही त्याच्याच हातात. नव्या छोट्या व्यापाऱ्याने टिकायचे कसे? आता बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक रूपात जातो, कंपनीला तो वाचता येत नाही, हे खरे. पण संकेतस्थळाचे नाव बहुधा कळतेच. कोणत्या दवाखान्याची पायरी चढलात एवढे कळले की पुरे.

एटी अँड टीने तर २०१३ मध्ये ऑस्टिन शहरात दरपत्रकच लावले. पाळत मान्य असेल तर महिना ७० डॉलर, नसेल तर ९९. ही योजना २०१६ मध्ये बंद झाली. पण ज्याला २९ डॉलर जड, त्याने खासगीपण विकावे, हा हिशेब आम्हा वाणिज्य पदवीधरांच्याही पचनी पडत नाही.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची असे ठरले. कायदा संमतीवर उभा आहे, आणि संमती म्हणजे बारीक अक्षरांतल्या मजकुराखालची एक खूण. मंडळाच्या कार्यालयातली जोडणी नव्याने घ्यायची आहे. तो अर्ज आम्ही सोबत आणला आहे. चिटणिसांनी सही करण्यापूर्वी आपण सर्वांनी मिळून तो एकदा मोठ्याने वाचू.