घरच्या शाळेचं वर्ष संपवताना

माइकपुढं आवाज एकीचाच आहे, पण बोलणं आम्हा पाचजणींचं आहे. आम्ही एका गटातल्या नाही, एका वाडीतल्याही नाही. आम्हाला एकत्र आणलं ते आमच्या लेकरांनी. कुणाच्या लेकराला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणाला बौद्धिक अपंगत्व, एकाला फिट येते आणि दिसतंही कमी. पाचही जणांची नावं शाळेच्या पटावर आहेत, पण शिकतात ती घरी. सरकारी कागदात याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. तीव्र अपंगत्व किंवा एकाहून जास्त अपंगत्वं असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्काच्या कायद्यात आला. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका बाई येतात, काय करून घ्यायचं ते दाखवतात आणि पुढच्या घरी जातात. रोजचं करणं आपल्याकडं.

आता एप्रिल संपत आलाय. शेजारच्या पोरांच्या परीक्षा झाल्या, १ मेला झेंडावंदन झालं की निकाल. आमच्या पोरांचं वर्ष कधी संपतं ते मात्र आम्हालाच कळत नव्हतं. मागच्या वर्षी घरात लग्न निघालं, पाहुणे आले, आणि शिकवायची चटई गुंडाळून माळ्यावर गेली. ती जूनमध्ये खाली काढली. आमच्यातल्या एकीचा नऊ वर्षांचा मुलगा मार्चमध्ये आपल्या हातानं चमच्यानं भात खात होता. जूनमध्ये तो चमचा फेकायला लागला, स्वतःचाच हात चावायला लागला. मार्चमध्ये जिथं होतो तिथं परत यायला दिवाळी उजाडली.

म्हणून या वर्षी आम्ही आधीच बसलो. ठरवलं की एका दिवसात बंद करायचं नाही. रोज पाच गोष्टी करून घेत होतो, त्या तीन आठवड्यांत दोनवर आणायच्या. त्या दोन मात्र सुट्टीभर, लग्नात असो की मामाच्या गावी, सोडायच्या नाहीत. ज्याचा चमचा सुटला होता त्याच्यासाठी एक जेवणाची आणि एक कपड्याची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिकली लावायची, म्हणजे पोराला दिसतं की दिवस कमी होतायत. मामाच्या घराचा फोटो मोबाइलवर आठ दिवस आधीपासून दाखवायचा. आपल्याला वाटतं त्याला काय कळतंय. त्याला कळतं म्हणूनच तो घाबरतो.

मग प्रश्न आला, वर्षभरात काय झालं हे मोजायचं कसं? आमच्या मुलांना बेरीज विचारून चालत नाही. इथं बाईंनी एक साधी रीत दाखवली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. कोणतंही काम घ्या, त्याचे तुकडे पाडा. इलॅस्टिकची पॅन्ट घालायची, तर बसायचं, एक पाय घालायचा, दुसरा घालायचा, गुडघ्यापर्यंत ओढायची, उभं राहून कमरेपर्यंत ओढायची. आधीचं सगळं आईनं करायचं आणि शेवटचं तेवढं मुलाला करू द्यायचं. कमरेपर्यंत पॅन्ट ओढली की काम पुरं झालं, आणि ते त्यानं पुरं केलं. त्याचा चेहरा बघा तेव्हा. ते जमलं की एक तुकडा मागं यायचं.

वहीत लिहायचं ते तीनच शब्दांत: हात धरून, सांगितल्यावर, स्वतः. जूनमध्ये पॅन्ट ओढली हात धरून, एप्रिलमध्ये सांगितल्यावर. झालं, हाच निकाल. जिला लिहिता येत नाही तिनं जूनमध्ये एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा आणि एप्रिलमध्ये त्याच कामाचा दुसरा. आम्ही पाचजणींनी एका दुपारी दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघितले. एक सासूबाई रोज म्हणायच्या, "एवढं करून तो काय कलेक्टर होणार आहे?" त्या मागं उभं राहून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नातवाला पॅन्ट ओढायला त्याच थांबल्या.

जे झालं नाही तेही लिहा. आमच्यातली एक सगळ्या कामांपुढं "स्वतः" लिहून आली होती. लाज वाटत होती तिला, चार लोकांत आपलंच पोर मागं दिसायला नको. पण याच वहीवरून जूनमध्ये बाई पुढच्या वर्षाचा आराखडा करतात. खोटं लिहिलं तर जे येत नाही ते शिकवायचं राहूनच जाणार. तिनं घरी जाऊन निम्मं खोडलं. सोपं नव्हतं ते.

प्रगतिपत्रकाचंही सांगतो. मागच्या १ मेला आमच्या पोरांना ते मिळालंच नाही. विचारलं तर उत्तर आलं, "परीक्षाच नाही, तर प्रगतिपत्रक कसलं?" या वर्षी आम्ही वह्या घेऊन पाचजणी मिळून शाळेत गेलो. नाव पटावर आहे तर पत्रकही हवं, एवढंच बोललो. चौघांचं तयार झालंय. एकानं दादाचं जुनं पत्रक सरळ तोंडात घातलं होतं, त्यामुळं त्याचं आम्ही आधीच लॅमिनेट करून घेणार आहोत.

पाचवं अडलंय. ती आमच्यात सगळ्यांत मोठी, चौदा पूर्ण झालेली, आठवीत. गावातली शाळा आठवीपर्यंतच. तिचं नाव पटावरून निघालं तर बाईंचं येणं थांबेल का, समग्र शिक्षामधून मुलींना महिन्याला २०० रुपये, असे दहा महिने मिळतात ते थांबतील का, ही तिच्या आईची भीती. शेजारच्या गावच्या हायस्कुलात विचारलं. तिथं म्हणाले, येणारच नाही तर नाव कशाला? मैत्रिणींनो, शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत आहे हे खरं, पण २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा पुढं जातो. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. दाखला काढायच्या आधी हे माहीत असावं. ज्याची बुद्धी चांगली आहे, फक्त हातपाय साथ देत नाहीत, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून मराठीतही दहावी देता येते, एकेक विषय करत पाच वर्षांपर्यंत.

या मुलीच्या वहीत यंदा एक ओळ आहे, तिला कोणत्याच पत्रकात रकाना नाही. पाळी आली की ती घाबरून ओरडायची, कपडे फाडायची. बाहुलीवर दाखवून, मग आईनं स्वतःचं दाखवून, तिला पॅड बदलायला शिकवलं. ऑगस्टमध्ये हात धरून. मार्चमध्ये सांगितल्यावर. वापरलेलं कागदात गुंडाळून कुठं टाकायचं ते ती आता स्वतः करते. आमच्या मते पाचही मुलांत या वर्षीचं हे सगळ्यांत मोठं काम.

कागदांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्डावरची मुदत बघून ठेवा, काही कार्डं ठरावीक वर्षांचीच असतात. बँक खात्याला आधार जोडलंय का विचारा. कॅलिपर किंवा खुर्ची लहान होत असेल तर बाईंना आताच सांगा, पोरं सुट्टीत वाढतात.

आणि आपलं? मे महिन्यात आमच्यातल्या प्रत्येकीला आठवड्यातून एक दुपार मोकळी आहे. त्या दुपारी तिचं लेकरू दुसरीच्या घरी, चमचा आणि बदलायच्या कपड्यांसकट. झोपायचं असेल तर झोपा, आम्ही विचारत नाही.

सोमवारी आम्ही पाचजणी पुन्हा हायस्कुलात जाणार आहोत. मुलीची वही, प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि लेखी अर्ज बरोबर आहे, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांसाठी. अर्जाच्या आमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलंय. मुलगीही बरोबर येणार आहे. तिला शाळेची घंटा बघायची आहे.