सवंगडी कीं ठक ?

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वींचे दोन-तीन आठवडे भंडारदऱ्याच्या आसपासचीं झाडें रात्रीं काजव्यांनीं पेटल्यासारखीं दिसतात. शेंडीपासून घाटघरच्या बाजूस मोटारींची रांग लागते, आर्थर सरोवराच्या कांठीं तंबू उभे राहतात, आणि भात-नागलीवर वर्ष काढणाऱ्या घरांना त्या थोड्या दिवसांत चार रोख पैसे दिसतात. काजव्याचा तो प्रकाश शोभेसाठीं नसतो. नर विशिष्ट अंतरानें चमकतो, मादी ठराविक वेळानें उत्तर देते, आणि त्या खुणेवर दोघांची भेट होते. अमेरिकेंत मात्र फोट्यूरिस नांवाची काजव्यांची एक जात आहे. तिची मादी दुसऱ्या जातीच्या मादीची खूण हुबेहूब वठविते. नर भेटीच्या आशेनें खालीं उतरतो आणि तिच्या तोंडीं पडतो. जेम्स लॉइड या शास्त्रज्ञानें १९६५ सालीं हा प्रकार प्रसिद्ध केला. भंडारदऱ्याच्या काजव्यांवर असा आळ घेण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु त्यांच्याच उजेडांत, तंबूच्या दाराशीं फोन घेऊन बसलेल्या मुलांना पडद्यावरून जे दिवे खुणावीत असतात, त्यांतल्या कांहींची रीत याहून निराळी नाहीं.

हे खेळ एकट्यानें खेळण्याचे नव्हत. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, रोब्लॉक्स अशा खेळांत दूरदूरचे लोक एकाच वेळीं एका मैदानांत येतात. बीजीएमआयच्या एका डावांत शंभरापर्यंत खेळाडू उतरतात. चौघांचें पथक करून एकमेकांच्या आवाजावर विसंबून लढावें लागतें. पडलेल्या गड्याला ज्यानें धांवत येऊन उभें केलें, तो कोण, कोठला, हें ठाऊक नसतांहि त्याच्याविषयीं आपलेपणा वाटूं लागतो. खेळाला रंग चढण्यास हा आपलेपणा लागतोच. ठकालाहि नेमका तोच हवा असतो.

या खेळांचें चलन निराळें. एकांत त्याला यूसी म्हणतात, दुसऱ्यांत डायमंड, तिसऱ्यांत रोबक्स. तें खऱ्या रुपयांनीं विकत घ्यावें लागतें व त्यांतून आपल्या पात्राचे पोशाख, बंदुकांचीं रंगीत रूपें आणि दुर्मिळ वस्तू मिळवितात. घरच्या वडील माणसांना ही हवेंतली दौलत वाटते आणि तिच्या चोरीचें हंसूं येतें. तें हंसूं अस्थानीं आहे. स्टीम ही संगणकावरील खेळांची मोठी बाजारपेठ. तिची मालक जी व्हॉल्व कंपनी, तिनें २०१५ च्या डिसेंबरांत जाहीर केलें कीं, दरमहा सुमारें ७७,००० खातीं बळकावून लुटलीं जात आहेत. ज्या खेळाडूंनीं फोनवरील दुसरी खातरजमा घेतलेली नाहीं, त्यांच्या वस्तूंची देवघेव तीन दिवसांपर्यंत रोखून धरण्याचा नियम तिनें त्याच सुमारास केला. चोराला घाई असते, म्हणून धन्याला सवड मिळावी, असा त्यांतला हेतु. जिच्यासाठीं इतके चोर खपतात, ती दौलत हवेंतली खास नव्हे.

शेंडीचा इयत्ता नववींतला एक मुलगा कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. बापाचे सरोवराकांठीं सहा तंबू आहेत. पाहुणे पैसे यूपीआयनें देतात. तें खातें ज्या फोनला जोडलेलें, त्याच फोनवर रात्रीं मुलगा खेळतो. दोन वर्षें जागरणें करून त्यानें पायरीमागून पायरी चढलेली आहे. त्याच्या पथकांत आठवडाभर एक अनोळखी गडी येऊं लागतो. तो चांगला खेळतो, ‘भावा’ म्हणून हांक मारतो, एखादी बारीकशी भेटहि देतो. मग एके दिवशीं म्हणतो, “माझ्याकडे यूसी निम्म्या भावांत मिळतात. पण इथं नको बोलूस, टेलिग्रामवर ये.” तेथें दुसरा एक इसम मध्यस्थ म्हणून हजर असतो आणि अनेकांनीं आपले आभार मानल्याचीं चित्रें दाखवितो. पहिल्या खेपेस पन्नास रुपयांचा माल खरोखरच मिळतो. दुसऱ्या खेपेस पांचशें रुपये जातात, माल येत नाहीं. मध्यस्थ दिलगिरी दाखवून सांगतो, “पैसे अडकले भावा, परत करतो. हा कोड स्कॅन कर आणि पिन टाक.” पिन टाकला जातो, आणि बापाच्या खात्यांतून आठ हजार रुपये निघून जातात.

मुलगा कल्पित आहे. रीत कल्पित नाहीं. ती नवीहि नाहीं. जत्रेंतल्या तीन पत्त्यांच्या डावांत सर्वांदेखत पहिल्यानें जिंकणारा इसम हा डाववाल्याचाच माणूस असे, आणि त्याचें जिंकणें पाहूनच भोळा गिऱ्हाइक पुढें सरके. पडद्यावरचा मध्यस्थ तोच आहे. कित्येकदां तो आणि तो ‘भावा’ म्हणणारा गडी मिळून एकच मनुष्य असतो. रूनस्केप या इंग्लंडांतल्या जुन्या खेळांत तर “तुमचीं नाणीं द्या, दुप्पट करून देतों” असें भर चौकांत ओरडणारे खेळाडू असत. ते लहान रक्कम इमानानें दुप्पट करीत आणि मोठी रक्कम हातीं येतांच नाहींसे होत.

यूपीआयसंबंधीं एक गोष्ट मात्र घरांतल्या प्रत्येकास पाठ असावी. पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यासाठीं. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवावयाची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली, त्यामुळें एक जुनी वाट बुजली. कोड स्कॅन करावयास लावण्याची वाट उघडीच आहे.

दुसरा प्रकार खात्यावरच हात टाकण्याचा. “तुझें खातें तीन हजारांना घेतों, आधीं पासवर्ड दे, पाहून पैसे पाठवितों,” असें कोणी म्हणतो. कोणी खेळाच्या कंपनीचा अधिकारी असल्याची बतावणी करून, खातें बंद होणार असल्याचें भय घालतो व फोनवर आलेला ओटीपी मागतो. कोणी फुकट डायमंड देणारें पान पाठवितो. तें पान खऱ्यासारखेंच दिसतें आणि त्यावर पासवर्ड लिहितांच तो चोराच्या वहींत जातो. खेळांवर सरकारी बंदी आली म्हणजे या मंडळींना सुगी येते. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्यें आणि मूळच्या फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्यें बंदी आली. अशा वेळीं “बंद झालेला खेळ मिळवून देतों” म्हणून भलताच ॲप फोनांत घालावयास लावणें अगदींच सोपें होतें. तसेंच, पैसे लावून खेळण्याच्या खेळांना २०२५ च्या कायद्यानें मनाई केलेली आहे. तेव्हां पथकांतला कोणी “थोडे पैसे लाव, जिंकून देतों” म्हणूं लागला, तर पुढची चौकशी करण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

ठक ओळखावा कसा ? त्याची भाषा, त्याचें चित्र, त्याचें नांव यांवरून तो ओळखूं येत नाहीं. ती खूणच तो वठवीत असतो. ओळखूं येते ती त्याची चाल. तो बोलणें खेळाच्या बाहेर नेतो. खेळाच्या आंत झालेली देवघेव चालकांना तपासतां येणें शक्य असतें, बाहेरची त्यांच्या हद्दींत नसते. म्हणून “इथं नको बोलूस” हे शब्द कानीं पडले कीं तेथेंच थांबावें. घाई, भीति, घरीं न सांगण्याची गळ, हीं त्यामागून येतात, आणि तीं येईपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो. मात्र जो आपल्याला हरवितो तो ठक नव्हे. हरल्याच्या रागानें समोरच्याविरुद्ध तक्रारीचें बटण दाबणारे खेळाडू थोडे नसतात, आणि त्यांच्या त्या ढिगांत खऱ्या फसवणुकीच्या तक्रारी बुडून जातात. हीहि एक प्रकारची लबाडीच म्हणावयाची.

आतां तक्रारीची गोष्ट. फसलेल्या मुलाचा पहिला आवेग असतो तो सगळें पुसून टाकण्याचा. तें करूं नये. संभाषण, कोड, पैसे गेल्याचा संदेश यांचे स्क्रीनशॉट आधीं काढून ठेवावे आणि मगच त्या इसमास अडवावें. त्याचें खेळांतलें नांव टिपून भागत नाहीं, कारण नांव बदलतां येतें. त्याच्या खात्याचा आंकडी क्रमांक टिपावा. बँकेच्या संदेशांतील व्यवहाराचा क्रमांकहि हाताशीं असावा. रुपये गेले असतील तर खेळाच्या कंपनीकडे जाण्यापूर्वीं १९३० हा क्रमांक फिरवावा. ही देशभरची सोय आहे; २०२१ सालीं ती सुरू झाली तेव्हां क्रमांक १५५२६० होता, पुढें तो १९३० करण्यांत आला. तक्रार पोंचतांच पैसे ज्या बँकेंत गेले तिला खबर जाते, आणि रक्कम तेथून पुढें सरकली नसेल तर ती जागच्या जागीं धरून ठेवतां येते. चोर रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत ढकलीत असतो, म्हणून येथें तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर लिहून देतां येते, आणि पोलीस ठाण्यांतहि. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें व फोन-संगणकावरून तोतयेगिरी करून फसविणें हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क आणि ६६-ड या कलमांखालीं तीन वर्षांपर्यंत कैदेचे गुन्हे आहेत.

बँकेलाहि त्याच वेळीं कळवावें. पिन किंवा ओटीपी ग्राहकाच्याच हातून गेला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्याचा. कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेनें सोसावें, असें तत्त्व रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलें. अर्थात् एका रात्रीच्या मौनाची किंमत थेट रुपयांत मोजतां येते.

आणि मुलें गप्प राहतात. शेंडीचा तो मुलगा तीन दिवस बोलत नाहीं. बापाच्या हंगामाचे पैसे आपल्या हातून गेले, हें सांगावयाचें कसें ? त्या तीन दिवसांत तो यूट्यूबवर “गेलेले पैसे परत मिळवून देतों” म्हणणाऱ्या तिसऱ्या एका इसमास गांठतो आणि आणखी पांचशें रुपये घालवितो. फसलेल्यांना पुन्हा फसविणें हा त्या धंद्याचा एक स्वतंत्र विभागच आहे. पहिली चोरी पिननें होते, पुढची लाजेनें.

ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबईस राज्य पोलीस मुख्यालयांत सायबर जागृतीच्या महिन्याचा प्रारंभ झाला, तेव्हां चित्रपट-अभिनेते अक्षय कुमार यांनीं आपल्या घरची हकीकत सांगितली. त्यांची तेरा वर्षांची मुलगी अनोळखी लोकांबरोबर खेळत होती. समोरचा खेळाडू आधीं “शाबास”, “छान” अशी गोड भाषा बोलला, नंतर मुलगा कीं मुलगी असें विचारूं लागला, आणि अखेर त्यानें तिच्याकडे नग्न छायाचित्रें मागितलीं. तिनें खेळ तत्काळ बंद केला व आईला जाऊन सांगितलें. येथें पैशाचा प्रश्न नव्हता. चाल मात्र तीच, आधीं सवंगडी, मग मागणी. त्या घरांत मुलीला आईकडे जाण्याची भीति वाटली नाहीं, एवढ्यानें पुढचें सारें टळलें.

शेंडीच्या घरीं हें कसें घडावें, तें तंबूंच्या मालकावर अवलंबून आहे. मुलानें तोंड उघडलें कीं प्रथम हात उगारावयाचा कीं १९३० फिरवावयाचा ? डोंगराआड रेंज नसेल तर जेथें मिळेल तेथवर मुलासह चालत जावें, कारण हकीकत त्यालाच ठाऊक आहे. मिळालेला तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा; धरून ठेवलेली रक्कम परत हातीं येण्यास आणखी कांहीं काळ आणि कागद लागतात. खेळाच्या खात्याचा व ईमेलचा पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा, आणि दुसरी खातरजमा चालू करावी. पुढल्या वर्षीं काजवे येण्याआधीं, पाहुण्यांचे पैसे घेणारें खातें मुलाच्या खेळण्याच्या फोनांतून काढून दुसऱ्या फोनांत न्यावें. तंबूंपैकीं एकाचें दोन रात्रींचें भाडें त्या साध्या फोनला पुरेल.