दुर्मीळ व्याधी आणि आपले कर्तव्य
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; जमाखर्च हे माझे क्षेत्र. वैद्यकातले जे थोडे कळते, ते आपल्या डॉक्टरांच्या सहवासाने. तरीही आज स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे.

हा विकार म्हटला की मद्यपान आठवते. परंतु मद्याला कधीही न शिवलेल्या तरुणांनाही तो जडतो. पोटदुखी, वजन घटणे, मधुमेह ही त्याची परिचित रूपे. खरी कसोटी लागते ती दुर्मीळ गुंतागुंतींत, कारण त्या दुसऱ्याच रोगाचा वेष घेऊन येतात.

स्वादुपिंडाची नलिका फुटून पाचक रस छातीत झिरपला की फुफ्फुसाभोवती पाणी साठते आणि क्षयाचा संशय येतो. पाणी काढले तरी पुन्हा भरते. त्याच पाण्यातील अमायलेज मोजले की उलगडा होतो. ही तपासणी महागडी नाही. पुढे दुर्बिणीद्वारे नलिकेत स्टेंट बसवून अनेकदा शस्त्रक्रिया टळते.

दुसरी गुंतागुंत अधिक भीषण. दाहाने शेजारच्या धमनीची भिंत झिजून तिला फुगा येतो आणि रक्त थांबून थांबून आतड्यात उतरते. स्राव थांबलेला असताना दुर्बिणीच्या तपासणीत काहीच आढळत नाही. सी. टी. अँजिओग्राफीत फुगा दिसतो आणि धमनीतून बारीक नळी नेऊन तो कॉइलने बंद करता येतो. येथे तासांना मोल असते.

अशाच एका रात्री पुण्याबाहेरून आलेल्या रुग्णाच्या भावाने मला विचारले, "साहेब, आधी पैसे भरायचे, की आधी तपासणी?" उत्तर एकच होते : आधी तपासणी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. मात्र अशा एकाच रुग्णाचा खर्च त्या निधीला मोठा भार होतो.

म्हणून देणगीदारांना विनंती, की वास्तूइतकेच या निधीचेही स्मरण ठेवावे. नातेवाइकांना विनंती, की अशा रुग्णास धाप लागली किंवा काळी शौचास झाली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे आणि जुना आजार डॉक्टरांना प्रथम सांगावा. तेवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.